रुखमानं खाल्लेली पानं

"सोळा पानं खाल्ली तू, रुखमा! मले समजत नाई वाटते?"

"नाई खाल्ली म्हणते ना मी!"

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं. एका बैठकीत सोळा विडे खाणारी बाई पाहावं म्हणून गेली, तं भांडण पुस्तकाच्या पानाचं!

रुखमाचा नवरा सोमाजी आमच्या बल्लारपुरात पुस्तकं बांधून दे. दोन हजार एक साल असन. साखरेच्या बिमारीनं डोळे गेले होते, मांगून किडन्या चालल्या होत्या. नागपूरच्या डाक्टरनं हात टेकले. तरी वाचनालयाचे फाटके पुस्तकं तो चाचपून शिवे. शिवायच्या आधी रुखमा वाचून दाखवे.

त्यावक्ती पुस्तक एका बेटाचं होतं. बेट म्हणजे पुरात वर्धा नदीच्या मधात उरते तसं टेकाड, असं मी धरून चालली. तिथं काळी विद्या करणारा एक म्हातारा. अन् गोष्ट एकजण सांगतच नाई. आधी नावाडी, मंग कोतवाल, मंग म्हाताऱ्याची पोरगी. आमच्या मोहल्ल्यासारखंच, भांडण एक अन् साक्षी सात. मी भाजी निवडाची सोडून रोज जाऊन बसे. सारे एकाच बाईले शिव्या देत. नवऱ्याच्या जिवासाठी ते म्हाताऱ्याकडं गेली, म्हणून बेटावर मरी आली म्हणे.

"तिचं बी आयकू ना," सोमाजी म्हणे. "तिची पाळी येईनच."

तेच पाळी रुखमानं वाचताना खाल्ली होती. सोळा पानांची जुडी, तिले फर्मा म्हणते. वाचून झाला का रुखमा तो त्याच्या हातात दे. त्या दिवशी दोन एकदम दिले. आंधळ्याच्या अंगठ्याले ते कळलं.

"वाच," तो म्हणाला.

रुखमानं वाचलं. ते बाई म्हाताऱ्याच्या गुहेच्या तोंडाशी आली अन् रुखमा थांबली.

"मी बी गेली होती," ते म्हणाली. "मंगरू भगताकडं. बाजाराले जाते म्हणून."

मी खाली पाहू लागली. सोमाजीचा बाप छप्पन साली चांद्याले बौद्ध धम्माच्या दीक्षेले पायी गेला होता. तवापासून त्या घरात लिंबू चढला तो फक्त वरणात. हे समजलं तं मरताना नवरा तोंड फिरवन, एवढंच भेव होतं रुखमाले.

सोमाजीच्या बोटावरची, पुस्तकं चिकटवाची खळ वाळून गेली.

"काय देल्लं त्यानं?"

"राख. तुमच्या चहात टाकली."

"तरीच. बिनसाखरेच्या चहाले चव काऊन आली म्हटलं." तो एकटाच हसला. "गुण आला का?"

रुखमानं मान हलवली. त्याले काय दिसते!

"बोल ना."

"नाई."

"मंग पुढं वाच. तिच्या नवऱ्याचं काय झालं?"

"मेला."

"तेही वाच. एक ओळ सोडू नको." अन् त्यानं तिच्या पायावर हात ठेवला, तो फर्मा संपेपर्यंत काढला नाई.

पुढच्या हप्त्यात तो गेला. पण त्याच्या आधी पुस्तक शिवून झालं होतं. पाय सुजून खांबासारखे; तरी पुस्तक द्याले स्वतःच निघाला. एकीकडून रुखमा, एकीकडून मी. वाचनालय सांभाळणाऱ्या खुशालभाऊच्या टेबलावर पुस्तक ठेवलं, कडेवरून अंगठा फिरवला अन् दरवेळी म्हणे तसंच म्हणाला,

"दोन दिस उघडू नका, भाऊ. खळ ओली हाये."