आत्याची खासगी शुगर

यवतच्या आसपासच्या गावांत एखादी गोष्ट घडली आणि ती माझ्या बायकोच्या आत्याला कळली नाही, तर ती घडलीच नाही असं खुशाल समजावं. जनगणनेला आलेल्या गुरुजींना लोक अडखळत उत्तरं देतात; पण एसटीत आत्यांच्या शेजारी बसलेला परका माणूस केडगाव यायच्या आत स्वतःचा पगार, पित्त, सासूचा स्वभाव आणि थोरल्या मुलीचं लग्न का अडलंय हे सगळं सांगून मोकळा होतो. आत्यांची पद्धत अशी की त्या सरळ विचारत नाहीत. त्या मुद्दाम चुकीचं बोलतात आणि समोरच्याला दुरुस्ती केल्याशिवाय राहवत नाही. "तुम्ही पाटसचे व्हय?" "नाही, वरवंडचा." "वरवंडचे म्हंजी जावयासंगं भांडण झालेलं त्ये?" "छे छे, जावयाशी माझं उत्तम आहे. लेकाशीच जरा..." की झालं. उरलेला लेक वरवंडपर्यंत बाहेर येतो. यात वाईट हेतू तिळमात्र नसतो. बाळंतिणीच्या घरी डिंकाचे लाडू आणि भांडणाच्या घरी मध्यस्थ म्हणून आत्या सर्वांआधी पोचतात, त्या याच हेरखात्याच्या जोरावर.

मात्र स्वतःबद्दल विचाराल तर आत्या म्हणजे बंद तिजोरी. फोनवर कुणी "कोण बोलतंय?" म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुमाला कोण पायजे ते सांगा, मंग बघू." चुलीवरच्या पातेल्यावरचं झाकण त्या जावयासमोरही उचलत नाहीत. "काय केलंय आत्या?" "सैपाक." त्यांचं वय मतदार यादीत एक आहे, रेशन कार्डावर दुसरं आणि लग्नाच्या गोष्टी निघाल्या की तिसरंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेक कारेगावला असते, तिचा नवरा तिथल्या कंपनीत आहे. आत्या एकट्याच शेवंती आणि झेंडूचं रान सांभाळतात आणि पहाटेच्या टेम्पोत फुलांचे क्रेट कसे चढवावेत यावर ड्रायव्हरला दररोज नवीन शिकवतात.

गेल्या वर्षी गावात सरकारी आरोग्य शिबिर झालं. आत्या तिथं गेल्या त्या कुणाला काय निघतंय हे पाहायला. रांगेशेजारी उभ्या राहून कान लावत असताना सिस्टरनी त्यांचंच बोट धरलं, टोचलं आणि आत्यांना शुगर निघाली. आत्यांनी चिठ्ठी घडी करून कमरेच्या पिशवीत टाकली आणि घरी गेल्या. कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. गोळ्या हळदीच्या डब्यात ठेवल्या. पुढं कितीतरी दिवस पिवळ्या गोळ्या गिळून त्यांनी गुपित सांभाळलं.

मग शेतीखात्याचा एक कार्यक्रम आला. मारुतीच्या देवळापुढं मांडव, नाचणीच्या पदार्थांचं प्रात्यक्षिक, माईक. एका साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि प्रेमळ आवाजात म्हणाले, "शुगरच्या पेशंट भगिनींनी पुढं बसून घ्यावं, नावं वाचतो." पहिलंच नाव आत्यांचं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, वयासकट. वय चौथंच निघालं.

त्या दिवसापासून गावानं आत्यांवर प्रेमाचा मारा सुरू केला. जिथं जावं तिथं बिनसाखरेचा चहा. शेजारच्या वहिनी तर "आत्यांचा फिका हं!" असं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून मगच चूल पेटवायच्या. एका लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट आत्यांच्या पत्रावळीवरून विमानासारखं निघून गेलं. वाढपी मागच्याला म्हणाला, "इथं नको रं, शुगर हाय." सगळी पंगत हळहळली. आत्या वरणभात कालवत खाली मान घालून बसल्या होत्या. मी समोरच जेवत होतो. त्यांना असं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिरूरला आमच्या घरी माझा फोन वाजला. "जावय, कागद आन् पेन घिऊन या. सरकारला इचारायचंय." मी शाळेत कारकून असल्यामुळे जगातला कुठलाही अर्ज मला पाठ असतो असा सासरच्या मंडळींचा समज आहे. न्हावऱ्यावरून मोटारसायकल हाणत मी पोचलो. आत्या ओसरीवर तयारच होत्या. "लिवा. माझं रगत आरोग्यखात्यानं काढलं. त्ये शेतीखात्याकडं कसं गेलं? कुणी दिलं? कुणाच्या हुकमानं दिलं? हुकूम कागदावर आसंल तर त्याची नक्कल द्या. आन् आणखी कुणाकुणाला दिलंय तेबी सांगा." मी माहितीच्या अधिकाराच्या भाषेत ते सगळं बसवलं. "तुमच्या सायबाची शुगर किती?" हा शेवटचा प्रश्न मात्र मी लिहिल्यासारखं करून गाळला.

यथावकाश उत्तर आलं. मागितलेली माहिती एका व्यक्तीच्या आरोग्याविषयी असून वैयक्तिक स्वरूपाची असल्यामुळे देता येत नाही. आत्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हंजी माझीच शुगर मला सांगायची तर ती खासगी, आन् माईकवर सांगायची तर सार्वजनिक?" त्यांनी दुसरा अर्ज करायला लावला. तो एका खात्यानं दुसऱ्याकडे वर्ग केला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाहीस्तव' पुन्हा पहिल्याकडे. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर ठळक अक्षरांत विषय होता: श्रीमती अमुक यांच्या मधुमेहाबाबत. आधी फक्त गावाला माहीत होतं. आता तालुक्याच्या प्रत्येक टेबलाला झालं. शेवटी नकाराविरुद्ध अपील केलं; त्याच्या सुनावणीला आम्ही दौंडला गेलो तेव्हा बाहेरच्या शिपायानं विचारलं, "शुगरवाल्या मावशी तुम्हीच ना?" आणि मोठ्या अगत्यानं फिका चहा आणून दिला.

सुनावणी घेणारे साहेब मध्यम वयाचे, थकलेले आणि स्वभावानं बरे होते. शेजारी आत्यांना नकार पाठवणारे माहिती अधिकारी फाइल छातीशी धरून उभे होते. साहेब समजुतीनं म्हणाले, "आजी, शुगर हा काही लपवायचा आजार नाही."

"मी कुठं लपवला? मी सांगितला न्हाई. त्यात फरक हाय."

"बरं, पण त्यांनी तुमच्या भल्यासाठीच..."

आत्या साहेबांकडे निरखून पाहत होत्या. त्यांच्या त्या नजरेची मला एसटीत पाहिल्यापासून धास्ती आहे. "सायेब, तुमाला मूळव्याध हाय का?"

साहेब खुर्चीत एकदम ताठ झाले आणि लगेच पुन्हा एका अंगावर कलले. माहिती अधिकाऱ्यांनी फाइलमध्ये तोंड घातलं.

"न्हाई, बसायची तऱ्हा बघून इचारलं. नका सांगू. सांगूच नका! पर आता मी भाईर जाऊन त्या चहा देनाऱ्या शिपायाला तुमच्या भल्यासाठी म्हनून सांगितलं, तर तुमाला कसं वाटंल?"

 साहेब हसले. आधी नाकातल्या नाकात आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी माहिती अधिकाऱ्यांना विचारलं, "हुकूम कुठाय?" हुकूम नव्हताच. शेतीखात्याच्या कार्यक्रमाला माणसं कमी पडत होती, त्यांनी मदत मागितली, आरोग्यखात्यानं शिबिराची यादी मोबाइलवरून धाडून दिली. कुणाच्या मनात पाप नव्हतं आणि डोक्यात काहीच नव्हतं.

"जे उपलब्ध आहे ते यांना देऊन टाका," साहेब म्हणाले. माहिती अधिकारी इतके घाबरले होते की त्यांनी ती अख्खी यादीच आत्यांच्या हातात ठेवली. पंचक्रोशीतली नावं, पुढं शुगर, रक्तदाब, आणि ज्याला जे जे निघालं ते.

मी आत्यांकडे पाहिलं. बाईंच्या उभ्या आयुष्याचा मेवा समोर होता, तोही सरकारी शिक्क्यासकट. त्यांनी चष्मा लावला. बोट वरच्या ओळीवर टेकवलं आणि खाली सरकवलं. एका नावावर ते थांबलं. आत्यांनी ओठ आवळले. मग चष्मा काढला आणि कागद टेबलावर पालथे घातले.

"माझ्या नावाची वळ तेवढी द्या. बाकीची मान्सं तुमची तुमी परत घ्या. आन् पुन्हा आसं कुनाच्या हातात दिऊ नका."

साहेबांनी तिथल्या तिथं लेखी आदेश काढला की शिबिराची माहिती संबंधित व्यक्तीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही कार्यालयाला द्यायची नाही. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या शिबिरात सिस्टर लोकांना त्यांचीच शुगर कानात सांगत होत्या, आणि एका बहिऱ्या आजोबांना शेतात लांब नेऊन ओरडून सांगावी लागली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही दौंडच्या एसटी स्टँडवर येऊन बसलो. मला राहवेना. "आत्या, कुणाचं नाव होतं हो?"

"तुमचं नव्हतं."

त्यांनी समोरच्या रिकाम्या फलाटावर नजर लावली. मग माझ्याकडे न बघता बोलल्या, "जावय, गावाच्या फिक्या चहाचं मला काय न्हाई. कारेगावला कळू नये म्हनून सगळं केलं. ह्यांचा पाय शुगरनंच गेला, मंग ह्येबी गेले. तवा पोर लहान होती, समदं बघितलंय तिनं. तिला कळलं तर ती मला रानात ऱ्हाऊ देईल व्हय? दोन खोल्यांत नेऊन बसवंल. मी तिथं काय करू? खिडकीतनं कंपनीच्या बसा मोजू?"

आत्यांनी स्वतःबद्दल आपण होऊन मला काही सांगितलं असं हे पहिलंच.  मी म्हणालो, "दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं."

त्यांनी पिशवीतून फोन काढला, माझ्याकडे देऊन नंबर लावायला सांगितला. त्यांच्या फोनचा आवाज नेहमी पूर्ण चढवलेला असतो, त्यामुळे लेकीचं "हां आई" अर्ध्या स्टँडला ऐकू गेलं.

"मी काय म्हंते," आत्या म्हणाल्या आणि अडल्या. "मला शुगर निघालीया."

 पलीकडून लेक हळूच म्हणाली, "मला माहितीय, आई. गेल्या साली दिवाळीला आले तवाच कळलं. हळदीच्या डब्यात हात घातला होता मी."

"आन् बोलली न्हाईस?"

"तू सांगशील म्हनून थांबले होते."

आत्यांचा चेहरा मला दिसला नाही, कारण त्यांनी पाठ फिरवली होती. फोनचा आवाज कुठून कमी करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो फक्त पदराखाली कानाशी घट्ट धरला आणि बोलत बोलत स्टँडच्या पार टोकाला, शेवटच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. आत्या अजून रानातच राहतात, लेक दर रविवारी येते, एवढंच मी सांगू शकतो.

यवतची गाडी लागली, भरली आणि निघूनही गेली. मी हाक मारली नाही.