न जळणारा डायोड

कारखान्यात त्याला सगळे ‘जपून’ म्हणत. कोणी शिडीवर चढो की गरम चहाचा कप उचलो, हा मागून ‘जपून’ म्हणालाच म्हणून समजा. मशीनच्या सर्किट बोर्डावर संरक्षक डायोड कोणता लावायचा, हे ठरवण्याचं काम अशाच माणसाकडे असायचं. विजेचा दाब एकाएकी चढला की हा टिकलीएवढा तुकडा तो झटका स्वतःच्या अंगावर घेतो आणि मशीन चालवणारी मागची नाजूक चिप वाचवतो. झटका फारच मोठा असला तर स्वतः जळून जातो.

हे जळणंच जपूनच्या जिवाला लागे. घरी ऑक्सिजन देणाऱ्या मशीनचे बोर्ड दुरुस्तीला यायचे, तर डायोड काळाठिक्कर. वर साहेबांची बोलणी खायची. शेवटी त्याने जास्त व्होल्टचा, सहजासहजी न जळणारा डायोड निवडला. जळके डायोड यायचे थांबले, साहेबांनी पाठ थोपटली, स्वारी खूश. आईची फुप्फुसं थकली तेव्हा तेच मशीन त्याने मोठ्या ऐटीत घरी आणलं.

परवा दुपारी घरातले दिवे भगभगले आणि लगेच पूर्ववत झाले. त्याची बायको कपड्यांच्या घड्या ठेवायला सासूबाईंच्या खोलीत गेली, म्हणून निभावलं. मशीन गप्प होतं आणि सासूबाईंचे ओठ निळे पडले होते. गजराचा आवाजसुद्धा नाही. तिने घाईघाईने कोपऱ्यातला सिलिंडर लावला, तेव्हा कुठे त्यांचा श्वास ताळ्यावर आला.

जपून मशीन घेऊन तडक कारखान्यात आला. मीटर लावून पाहतो तर डायोड ठणठणीत! मागची चिप मात्र मेलेली. नवा डायोड इतक्या वरच्या दाबाला जागा होत होता, की चिप त्याआधीच मान टाकत होती. आणि गजर वाजवायचा तो याच चिपने. जुना डायोड जळायचा तेव्हाही मशीन बंद पडायचं, पण चिप शाबूत असायची. बॅटरीवर गजर कोकलायचा आणि सगळं घर धावायचं. ज्याने जळायचं, नेमकं त्यालाच त्याने जपलं होतं. त्याने धावत जाऊन साहेबांना गाठलं.

ऐकून साहेब पांढरेफटक पडले. माल रवाना करणं थांबलं आणि जपून साहेबांसमोरच बसून घरोघरी फोन लावू लागला. मशीन बंद करून सिलिंडर लावा, माणसाला एकटं सोडू नका, असं तो ज्याला त्याला सांगत होता. मग एका घरी मुलीने फोन उचलला.

“मशीन घेऊन जा तुम्ही,” ती म्हणाली. “बाबा गेले आमचे, गेल्या महिन्यात.”

कसे गेले, एवढंच त्याने कसंबसं विचारलं.

“दुपारचे झोपले होते. दिवे जरा भगभगले, तेवढंच. मी बाहेरच्या खोलीतच होते हो. गजर वाजला नाही, म्हणून आत डोकावले नाही.” मग तिने विचारलं, “मी डोकावायला हवं होतं ना?”

समोरून साहेब हाताने गप्प राहायला खुणावत होते. जपूनने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“नाही, ताई,” तो म्हणाला. “तुमचं काही चुकलं नाही. तो डायोड मी निवडला होता.”