गाऊनला पदर नसतो

दुपारी आई मेथी निवडत बसली होती. शेजारी माझी लेक केतकी मोबाइलवर कोरियन मालिका बघत होती. एवढ्यात मालिकेतली मुलगी जोरात ओरडली, "आप्पा!" आणि आईचा हात झटकन खांद्याकडे गेला.

आप्पा म्हणजे आईचे सासरे, माझे आजोबा. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. ते दारात आले की आई डोक्यावर पदर घ्यायची. आज तिच्या अंगात गाऊन होता. हाताला पदर काही सापडला नाही, मेथीचं एक पान तेवढं खांद्यावर चिकटलं. तिचं तिलाच हसू आलं.

"आजी, कोरियात वडिलांना आप्पा म्हणतात."

"तिकडंही आप्पाच? बघ बाई!"

या मालिकांचं वेड जगभर पसरलंय म्हणतात. घरात ते शिरलं तेव्हा मी कुरकुरलेच होते. मला वाटायचं, परकं काही घरात आलं की आपलं काहीतरी बाहेर जातं. इथं तर आमच्याच घरातली बंद पडलेली हाक परत आली होती.

आता आई रोज भाजी घेऊन केतकीला चिकटून बसते. काल मालिकेतले आप्पा दमून घरी आले. मुलगी काहीतरी बोलली.

"काय म्हणतेय गं?"

केतकीनं खालच्या ओळी वाचल्या. "जेवलात का, विचारतेय."

"विचारणारच," आई म्हणाली आणि गवारीची शेंग मोडता मोडता थांबली. "काय केलंय म्हणावं आज?"