न कलणारी नाव

डोणगावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. धरणाचं पाणी चढलं आणि शेजारच्या गावाची शेतं पलीकडे राहिली, तेव्हा तिथल्या माझ्या मासेमार मित्रानं मला नाव बनवायला सांगितली. मी पत्र्याचे दोन लांबट, बंद डबे केले, त्यांच्यावर फळ्या ठोकल्या, मागे मोटर बसवली.

साध्या होडीत पाय ठेवला की ती कलते, माणूस आपोआप जपून बसतो. ही जोडनाव कलतच नव्हती. बाया भारे घेऊन उभ्यानं पलीकडे जायच्या. मित्रानं एकदाच विचारलं होतं, "डब्यात आडवे पडदे टाकले ना बे?" पत्रा फाटला तर पाणी एकाच कप्प्यात अडावं म्हणून. त्यात आणखी आठवडा गेला असता.

"टाकले," मी म्हणालो.

त्या सकाळी मित्र मोटरीवर होता आणि मीही नावेत होतो. मित्राची आई तुरीच्या शेतात निघाली होती. तिनं तरंगायचं जॅकेट उचललं, तर मी हसलो. "काकू, हे काय होडी हाय? ओसरी हाय ओसरी!" तिनंही हसून ते घडी करून बसायला घेतलं.

मध्यावर पाण्याखालचं बाभळीचं खोड डाव्या डब्याला घासलं. नाव सपाटच राहिली, म्हणून कुणी घाबरलं नाही. डबा मात्र आतून भरत होता. मग डावी बाजू एकदम खाली गेली, सगळे त्याच बाजूला घसरले आणि नाव पालथी झाली. मित्रानं चौघींना ओढून काढलं, मी दोघींना उलट्या नावेवर चढवलं. काकू सापडली तेव्हा उशीर झाला होता.

तेरवीनंतर मी त्याच्या घरी गेलो. "पडदे नव्हते टाकले मी. खोटं बोललो तुले."

तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. "मले समजलं होतं. डबे ठोकून पाह्यले होते. इकून तिकून एकच पोकळ आवाज."

"मंग काऊन नाही बोलला?"

"तुले वाईट वाटीन म्हनून. आन् नाव कुठं हलत होती बे?"

नाव पुन्हा पाण्यात गेली नाही. पडदे टाकून देतो म्हणालो, तर त्यानं नुसती मान हलवली. बाया आता लांबच्या रस्त्यानं शेतात जातात. बाजारात भेटला की तो मला चहाला थांबवतो, पिकापाण्याचं विचारतो. त्यानं एकदा शिव्या द्याव्यात असं मला वाटतं. तो देत नाही.