घरच्या घड्याळाची वही

ह्यांच्या माघारी आज पहिल्यांदाच ट्रंक उघडली, तर डांबरगोळ्यांचा वास तुंगार्लीच्या घरभर पसरला. ह्यांनी जहाजावर ठेवलेल्या वेळेच्या वह्या उद्या संग्रहालयाची माणसं नेणार आहेत. त्यांतच घरच्या घड्याळाची वही निघाली. हे काट्यांना कधी हात लावत नसत. जहाजावरच्या रीतीप्रमाणे घड्याळाची चूक फक्त लिहून ठेवत.

लग्नानंतर हे पहिल्यांदा बोटीवर निघाले, त्या सकाळी मी गुपचूप काटा मागे सारला होता. घड्याळाकडे बघत हे म्हणाले, "वेळ आहे अजून. अर्धा कप चहा दे." मला वाटलं, फसले.

त्या तारखेची नोंद आज वाचली. 'घड्याळ पाच मिनिटं मागे. कारण ठाऊक.'

मी तेव्हाच पकडले गेले होते, आणि आता हसायला घरात दुसरं कोणी नाही.