रोग वेलात होता

भाऊसाहेबांनी उपटलेला वेल माझ्या मायच्या तोंडावर फेकला. मातीसकट. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होते. सातवीत होते.

"तुया हातालेच रोग हाय," ते म्हणाले. "तुमच्या लोकायचा हात लागला अन् वावर नासलं."

बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. मायनं डोळ्यांतली माती पदरानं पुसली.

वावर हिवरखेडच्या शिवारातलं, भाऊसाहेबांचं. माय तिथं दरवर्षी मजुरीनं रताळ्याचं बेणं लावायची. बेणं म्हणजे जुन्या वेलाचे तुकडे. ते मातीत खोचले की नवा वेल फुटतो. त्या सालांत कपाशीनं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं, म्हणून भाऊसाहेबांचा भरवसा शिवरात्रीच्या रताळ्यांवर होता. पण वेल वाढलाच नाही. पानं कोकडली, शिरा पिवळ्या पडल्या, खाली रताळी बोटाएवढी. खापर कोणावर तरी फोडायचं होतं. आम्ही बौद्ध. आमच्यावर फोडलं.

पुढच्या सालापासून आमच्या वस्तीतल्या बायांना बेणं लावायची बंदी. खोदायला मात्र चालत होत्या. खोदणं जड काम ना.

सगळ्यात वाईट हे, की मायला ते खरं वाटलं. घरामागं भोपळ्याचं बी टोचायचं तरी मला हाक मारायची. "तू टोच. माहा हात खराब हाय." त्या वाक्याचा राग मला अजून येतो. वेल फेकल्याच्या रागापेक्षा जास्त.

मी अकोल्याला शेतीचं शिक्षण घेतलं. मग एका प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले. तिथले सर रताळ्याच्या रोगावर काम करत. त्यांनीच मला सांगितलं, हा रोग विषाणूचा. पांढरी माशी अन् मावा तो एका वेलावरून दुसऱ्यावर नेतात. आणि एकदा वेलात शिरला की बेण्यातून पुढच्या पिकात उतरतो. रोगट वेलाचं बेणं लावलं, की नवा वेल जन्मताच रोगट.

भाऊसाहेब वर्षानुवर्षं स्वतःच्याच वेलाचं बेणं ठेवत होते.

म्हणजे रोग त्यांच्याच वेलात होता. मायनं फक्त दिलेलं बेणं मातीत खोचलं होतं. मी बाहेर नळावर गेले अन् कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. सरांनी विचारलं, बरं नाही का. मी हो म्हटलं.

मग कामाला भिडले. रोगाला दाद न देणारं एक वाण, आपल्याकडचं एक गोड वाण. सकाळी फूल उमललं की एकाचा पराग दुसऱ्यावर ठेवायचा. बी धरलं की रोपं करायची. कोवळ्या पानातून डीएनए काढून त्यात मार्कर शोधायचा. मार्कर म्हणजे खूण. ती सापडली, तर रोगाशी झुंजायचा गुण त्या रोपात उतरला असण्याचा संभव मोठा. अशा रोपांवर मग मुद्दाम रोगट वेलाचं कलम करायचं. काही कोलमडली. काही टिकली. टिकलेली मी वाढवली.

शेतातल्या चाचणीसाठी सरांनी वावर निवडलं ते नेमकं भाऊसाहेबांचं. विहीर होती, रस्ता होता. हे वावर तेच, हे मी सरांना सांगितलं नाही. जीपमध्ये बेण्याचे भारे घालून आम्ही गेलो. लावणीला वस्तीतल्या बायांना बोलावते, असं मी म्हटलं.

भाऊसाहेब म्हातारे झाले होते. आवाज तोच होता. "त्या बाया नोको, साहेब. मांगं त्यायच्या हातानं वावर नासलं होतं."

सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्यांच्या भावना सांभाळून घेऊ. आपल्याला चाचणी हवी आहे."

ज्या माणसानं मला विषाणू शिकवला, तो हे बोलला.

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "ह्या एकेका वेलाले माहा हात लागला हाय. फुलापासून. अन् ज्या बाईच्या तोंडावर तुमी वेल फेकला, मी तिचीच पोरगी हावो. आता सांगा, घेता काय?"

ते हसले. "तुई गोष्ट अलग हाय, बाई. तू शिकली."

मला वर काढायचं आणि मायला तिथंच मातीत ठेवायचं. ती फेकलेली माती बरी होती, हे त्याहून घाण होतं.

"अलग नाई," मी म्हटलं अन् भारे उचलून जीपमध्ये टाकू लागले. सर म्हणाले, वेल तुझ्या मालकीचे नाहीत, नोकरी जाईल. मी थांबले नाही.

नोकरी गेली. कंत्राट संपल्यावर वाढवलं नाही. पण भारे सुकत होते, म्हणून सरांना त्याच दिवशी दुसरं वावर शोधावं लागलं. बाळापूरकडच्या एका मुसलमान शेतकरी चाचांनी दिलं. लावायला कोण येतं, हे त्यांनी विचारलंही नाही. मायला मी आणली. ती हात मागं घेत होती. मी बेणं तिच्या मुठीत कोंबलं. सगळी वाणं काही टिकली नाहीत. मार्कर असूनही एक पडलं. दोन मात्र रोगात उभी राहिली, शेवटपर्यंत.

ती दोन वाणं प्रयोगशाळेनं शेतकऱ्यांसाठी मोकळी केली, अन् आता त्यांचं बेणं चाचांच्या वावरातून चाचा, माय अन् मी वाटतो. भाऊसाहेबांचा मुलगा बेण्यासाठी माणूस पाठवतो. मी निरोप दिलाय. बेणं मिळेल. आधी बापाला घेऊन वस्तीत ये. ज्या बायांदेखत ते बोलले, त्या बायांदेखत म्हणू दे, रोग माझ्या वेलात होता.

अजून कोणी आलेलं नाही. माय म्हणते, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही. अकोला-अमरावतीच्या ज्या ज्या गावात मी रताळ्याच्या रोगावर बोलायला जाते, तिथं हिवरखेडच्या त्या वावराची गोष्ट सांगते. भाऊसाहेबांचं नाव घेऊन. पूर्ण नाव. ते मेले तरी सांगणार.