पहिला दिसेल तो पाहुणा

मी फार देवभोळी नाही, हे आधीच सांगून टाकते. सांजवात लावते, संकष्टीला साबुदाणा खाते, पण संकट आलं की माझा हात आधी फोनकडे जातो. त्या भाद्रपदातही तसंच झालं. बाबांच्या ऑपरेशनसाठी बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. ओळखीचे, अर्धवट ओळखीचे, ऑफिसातले, मिस्टरांच्या ऑफिसातले, सगळ्यांना फोन करून दोन दिवसांत माझा घसा बसला, तरी त्या गटाचं कोणी सापडेना. रक्तपेढ्यांमध्येही नेमकं तेच नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, यांच्या वयाला फार थांबणं बरं नाही, पण रक्त हाताशी असल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही.

बाबा पडले होते महालक्ष्म्यांमुळेच. त्या बसायच्या आदल्या दिवशी भिंतीतल्या सज्ज्यावरून मुखवट्यांची पेटी काढायला स्टुलावर चढले आणि तोल गेला. खुब्याचं हाड मोडलं. पेटी मात्र त्यांनी छातीशी घट्ट धरून ठेवली होती. मी पोचून ती उघडली, तर दोन्ही मुखवटे जसेच्या तसे, नथीचा एक मोतीही हललेला नव्हता. मला त्या दोघींचा इतका राग आला की सांगता सोय नाही. माणूस मोडला आणि तुम्हाला साधा ओरखडाही नाही, असं मी त्यांना चक्क बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हट्टाने मीच त्यांना कशाबशा बसवल्या.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. मी दहावीत असताना आई गेली. त्या वर्षी काका म्हणाले, बायकोशिवाय महालक्ष्म्या कशा बसवणार, मुखवटे आमच्याकडे पारशिवनीला देऊन टाक. बाबा त्यांना म्हणाले, "एवढा मोठा बॉयलर सांभाळतो मी, एक चूल नाही सांभाळनार काय?" आणि खरोखर सांभाळली. पुरण वाटायला शिकले, आंबील शिकले, सोळा भाज्यांची यादी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली. साडी नेसवणं काही केल्या जमेना. मग तोंडात टाचण्या धरून चार रात्री त्यांनी त्या लोखंडी धडांवर निऱ्या घातल्या आणि सोडल्या. कॉलनीतल्या बायका गंमत बघायला आल्या होत्या. त्या निऱ्या पाहून कोणी हसलं नाही. पहिली पाळी संपवून बाबांचे सोबती डबे हलवत थेट आमच्याकडे जेवायला आले, आणि मला आई गेल्यापासून पहिल्यांदा घर भरल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून बाबा माझे हिरो झाले. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

त्यांची एक रीत मात्र मला कधीच पटली नाही. नैवेद्य दाखवला की बाबा कुंकवाचा करंडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहत. पहिला जो अनोळखी माणूस समोरून जाईल, तो त्या वर्षीचा पाहुणा. त्याचं पान आधी वाढायचं, मग घरच्यांचं. नाव, गाव, जात, काम, काहीही जेवण होईपर्यंत विचारायचं नाही. एकदा भंगारवाला आला, एकदा मीटर बघायला आलेला माणूस, एकदा तर वाट चुकलेलं अख्खं भजनी मंडळ जेवता जेवता राहिलं. मी लाजेने आतल्या खोलीत बसायची. निवृत्तीनंतर बाबा नागपूरला राहायला आले, तरी रीत सुटली नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात होते. बाबांचा चेहरा वेदनेने उतरलेला, पण चिंता वेगळीच.

"तू इथी काहून बसून राहिली वं? घरी त्या दोघी उपाशी आहेत."

"बाबा, रक्त नाही भेटून राहिलं अजून. अन् तुम्हाले जेवनाची पडली आहे?"

"रक्त भेटते. तू जा, सैपाक कर. अन् पाहुना आन. जो पहिला दिसन तो. नाही म्हनू नको वं बेटा."

मिस्टरांना त्यांच्याजवळ बसवून मी घरी आले, ते भक्तीने नाही, चिडून. बाबांना नाही म्हणता आलं नाही एवढंच. आंघोळ करून सोवळ्याने स्वयंपाकाला लागले. एका हाताने पुरण ढवळत होते, फोन मानेत दाबून धरला होता. भाज्या झाल्या, कढी झाली, वडे तळले. आमच्याकडे नैवेद्याआधी कशाची चव घेत नाहीत, त्यामुळे मीठ पडलं की नाही ते देवींनाच माहीत. आरती एकटीनेच म्हटली. "घ्या, जेवा," असं काहीतरी घुश्शात बोलून करंडा उचलला आणि बाहेर आले.

ऊन चटचट लागत होतं. गल्ली रिकामी. एकट्या बाईने रस्त्यावर उभं राहून परक्या माणसाला जेवायला बोलवायचं, या विचारानेच मला घाम फुटला. तेवढ्यात तो आला. गडरलाइन, म्हणजे जमिनीखालचं गटार, साफ करणाऱ्या गाडीबरोबरचा माणूस असावा, पँट गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने भरलेली, खांद्यावर दोराचं वेटोळं. आणि मी, सांगताना अजूनही मान खाली जाते, नजर वळवली. करंड्याचं झाकण उगीच उघडलं आणि लावलं. दुसरं कोणी येईल, जरा नीटसं, असं मनात म्हटलं. तो माझ्यासमोरून गेला.

पुढचे काही क्षण मला नीट सांगता येणार नाहीत. बाबांचा तो उतरलेला चेहरा समोर आला. आयुष्यभर या माणसाने एकच गोष्ट मागितली आणि तीही मी डावलणार होते. मी अनवाणीच धावले. "ओ दादा! थांबा ना दादा!"

तो वळला. मी कुंकू पुढे केलं. म्हटलं, आमच्या महालक्ष्म्या आहेत, जेवायला चला.

"बाई, कपडे पाहा माह्ये," तो म्हणाला. "अशा अवतारात देवीच्या घरी येऊ मी?"

"तसेच या. नळ आहे अंगणात."

त्याने हातपाय खसखसून धुतले, पँटचे पाय वर दुमडले आणि पाटाच्या कडेला अंग चोरून बसला. मी वाढत गेले, तो जेवत गेला. कढी त्याने दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर मी रीतीप्रमाणे नाव विचारलं. शालिक. मग त्याने विचारलं, घरचे कोणी दिसत नाहीत ते? माझा बांध तिथेच फुटला. परक्या माणसासमोर मी ढसाढसा रडले आणि सगळं सांगितलं.

"कोन्ता ग्रुप म्हनता?" त्याने विचारलं.

"बी निगेटिव्ह."

तो ताटावर हात धुता धुता थांबला. "माह्याच आहे न तो. आमच्या वस्तीत दरसाल शिबिर राह्यते, मी देतो. चाला, उठा."

मी उठले. दुसरं काही सुचलंच नाही. बाबांचे धुतलेले शर्ट-पँट त्याला घालायला दिले आणि आम्ही ऑटोने निघालो. रक्तपेढीतल्या मुलीने अर्ज भरताना त्याला पहिलाच प्रश्न केला, "जेवलात का? उपाशीपोटी घेत नाही आम्ही." शालिकभाऊ हसले. "सकाळपासून पोटात दाना नोयता. आज देवीनं जबरदस्तीनं जेवाले घातलं मले."

दुपारी घरी येऊन कढी तोंडात घातली आणि थुंकावी लागली. मीठ दोनदा पडलं होतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, चांगलं झालं. बाबा उशाला टेकून बसायला लागले तेव्हा मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. आधी मी त्याला जाऊ दिलं होतं, एवढं गाळायचं ठरवलं होतं. पण ते इतक्या आनंदाने ऐकत होते की खोटं टिकेना. तेही सांगून टाकलं आणि रागावतील म्हणून वाट बघत बसले.

बाबांनी अंगावरच्या चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाले, "पहिल्या वर्षी पाहुना आनाले उभा होतो, तं माह्या समोरून एक बाई गेली. फाटकं लुगडं, कडेवर लेकरू. म्या नजर फिरवली. वाटलं, पहिलंच वर्ष आहे, सारी कॉलनी पाहून राहिली, कोनी चांगला मानूस आनू. मांगून चुटपुट लागली, तवा शोधाले गेलो. सारी कॉलनी पालथी घातली, भेटली नाही." त्यांनी माझा हात धरला. "पहिला तो पाहुना, हा कायदा म्या माह्यासाठीच केला वं. तू धावली. मी नाही धावलो."

मी इतकी वर्षं समजत होते की बाबा जन्मतःच मोठ्या मनाचे. ते दरवर्षी उन्हात उभे राहत ते एका चुकीची माफी मागायला, आणि ती त्यांनी कोणाला कळूही दिली नव्हती. हे ऐकून माझ्या मनातले बाबा लहान झाले नाहीत. उलट त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि पट्ट्या आणि उशा सांभाळून जेवढं जमलं तेवढं मी ठेवलं.

त्या दिवशी शालिकभाऊ आले की आणखी कोणी, या वादात मी पडत नाही. मी दोन दिवस जे फोन केले, त्यातला एकही कामी आला नाही, एवढं खरं. माझ्या हाती फक्त एक हाक मारणं उरलं होतं, आणि तेही मी जवळजवळ चुकवलंच होतं. ती हाक माझ्या तोंडून निघाली, एवढ्यासाठी मी अजून रोज हात जोडते.